शब्दचर्चा : धिंड

एका छायाचित्राखालची ओळ मराठीत लिहायची होती. फ्रान्समधलं शार्त्र शहर, ऑगस्ट १९४४. जर्मन फौज नुकतीच हटलेली. रॉबर्ट कापाने टिपलेल्या या चित्रात एक तरुण बाई रस्त्याने चालली आहे. डोक्याचा चकोट केलेला, छातीशी तान्हं मूल. मूल जर्मन सैनिकापासून झालेलं. तिची नजर त्या मुलावर खिळलेली आहे आणि आजूबाजूच्या गर्दीतले कितीतरी चेहरे चक्क हसतायत. मी लिहिलं ‘धिंड’. संपादकांनी ते खोडून ‘मिरवणूक’ केलं. धिंड हा गावगाड्यातला शब्द, युरोपच्या चित्राखाली शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

माझी बाजू अशी. ज्याची मिरवणूक निघते तो मिरवतो: गणपती, नवरदेव, निवडून आलेला उमेदवार. धिंड म्हणजे वरातच, पण उलटी केलेली. घोड्याच्या जागी गाढव, हळदीच्या जागी काजळी, फुलांच्या हाराच्या जागी खेटरांची माळ, वाजंत्रीच्या जागी फुटका डबा. म्हणून तर ‘गाढवावरून वरात’ असंही म्हणतात. माणसाला आधी असं सजवायचं आणि मग गावभर हिंडवायचं. फ्रान्समध्ये त्या काळात, बहुतेकदा जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून, सुमारे २०,००० बायकांचे केस कापले गेले, तेही भर चौकात. काहींच्या कपाळावर नाझींचं स्वस्तिक काढलं. याला आपल्याकडे धिंडीशिवाय दुसरा शब्द आहे?

प्रतिसाद

दादा, तुमचाच शब्द बरोबर. एक भर घालते. आमची आजी रागावली की म्हणायची, “पाच पाट काढून गाढवावर बसवीन!” लहानपणी वाटायचं, पाट म्हणजे बसायचा पाट. नंतर कळलं, शेतात पाणी सोडायला पाट काढतात ना, तसे वस्तऱ्याने डोक्यावर पट्टे काढायचे. पूर्ण गोटा केला तर माणूस यात्रेहून आलेला वाटेल. अर्धवट भादरलं की लांबूनही कळतं. किती विचार करून शोधलेली शिक्षा आहे! आणि हा आमच्या घरात नातवंडांना दटावायचा शब्द होता, याचं आता वाईट वाटतं.

‘धिंडवडे’ मात्र वेगळा पडला. तो कायद्याचे, लोकशाहीचे, व्याकरणाचे असा कशाचेही निघतात म्हणून वापरतो आपण. धिंड अजून हाडामांसाच्या माणसाचीच निघते.

प्रतिसाद

पोलिस कोयतेवाल्या पोरांची त्यांच्याच गल्लीतून धिंड काढतात, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. गुंडांना जरब नको का बसायला? तिथेही हा शब्द वाईटच म्हणायचा?

मूळ लेखक

ताई, पाटाबद्दल मनापासून आभार. पाट म्हणजे काय ते मला इतकं नीट ठाऊक नव्हतं.

शेवटच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण तो मलाही छळत आलाय. जुन्या दंडसंहितेत शिक्षा मोजून दिल्या होत्या: फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्तेची जप्ती, दंड. नव्या न्याय संहितेत समाजसेवेची भर पडली. धिंड त्यात नाही. उठसूट बेड्या घालणंही सर्वोच्च न्यायालयाने प्रेमशंकर शुक्ला खटल्यात १९८० साली घटनाबाह्य ठरवलं. ज्याच्यावर अजून खटला उभा राहायचाय त्याला गुडघ्यावर चालवणं कुठल्या कलमात बसतं? आणि गुन्हा शाबीत झाला तरी काय? पुण्यात १७९१ साली घाशीराम कोतवालाने तेलंगी ब्राह्मणांना कोंडून घातलं, त्यात वीसहून जास्त माणसं गुदमरून मेली. अपराध भयंकर होता. पण पुढे त्याला जमावाच्या हवाली केलं आणि दगडांनी ठेचून मारलं, त्याला मी न्याय म्हणू शकत नाही.

मी एक धिंड पाहिली आहे. नऊ-दहा वर्षांचा असेन. आठवडी बाजारात तेलाचा डबा चोरला म्हणून एका पोराला धरलं होतं. कांद्याच्या गोणीची सुतळी काढून तिच्यात चपला ओवल्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो त्याच्या हनुवटीला टोचत होता आणि हात मागे बांधलेले, म्हणून तो सारखी मान वाकडी करायचा. मागून आम्ही पोरं पळत होतो. मीही ओरडत होतो. गर्दीच्या कडेकडेने त्याची आई चालली होती, त्याचा काढलेला सदरा हातावर घडी करून. ती कोणाला काही म्हणाली नाही. बाजार संपेपर्यंत ती तशीच चालत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही काय म्हणालो? ‘काल धिंड निघाली.’ पालखी निघते, वरात निघते, तशी. माझा खरा आक्षेप या ‘निघाली’वर आहे. बातम्यांतही तेच: ‘महिलेची धिंड’, ‘तरुणाची नग्न धिंड’. करणारे कुठेच नाहीत. ‘काढणे’ वापरलं की कर्ता सांगावाच लागतो. लाज काढणे, आईबाप काढणे, सालटी काढणे, त्याच रांगेतलं हे क्रियापद आहे.

कायद्याने हे आपल्यापेक्षा नीट केलंय. २०१६ पासून अमलात आलेल्या अॅट्रॉसिटी कायद्याच्या सुधारणेत चपलांचा हार घालणं, नग्न वा अर्धनग्न फिरवणं, बळजबरीने डोकं भादरणं, मिशा काढणं, तोंडाला किंवा अंगाला रंग फासणं असं एकेक कृत्य नाव घेऊन लिहिलं आहे, आणि ते करणारा आरोपी आहे. त्याच वर्षी जुलैत गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारत गावातून फिरवलं. हे कृत्य कायद्यात नाव घेऊन का लिहावं लागलं, ते उन्याने दाखवलं.

तर संपादकांना आज ओळ पुन्हा पाठवली आहे: ‘शार्त्र, ऑगस्ट १९४४. शहरातल्या लोकांनी तिचे केस कापले आणि तान्ह्या मुलासकट तिची धिंड काढली.’