‘कॅश्यू नट’ आणि ‘कॅश्यू कर्नल’ यांत नेमका फरक काय?

प्रश्न
सिंधुदुर्गात आमचा काजूप्रक्रियेचा छोटा घरगुती उद्योग आहे. परदेशातील एका खरेदीदाराने ‘रॉ कॅश्यू नट’ आणि ‘कॅश्यू कर्नल’ यांचे दर वेगवेगळे मागितले आहेत. दुकानातील पाकिटावर मात्र ‘रॉ कॅश्यू’ असे छापलेले असते आणि आत सोललेले गर निघतात. व्यवहारात कोणता शब्द कशासाठी वापरावा? ‘कॅश्यू’ हा शब्द आपल्या ‘काजू’वरूनच गेला आहे का?

प्रतिसाद १
व्यापारात ‘रॉ कॅश्यू नट’ म्हणजे टरफलासकट वाळवलेली काजू बी, तर ‘कर्नल’ म्हणजे ती फोडून, आतील पातळ साल काढून हाती येणारा काजूगर. दरपत्रकात ही गल्लत अजिबात होऊ देऊ नका, कारण किलोभर बीतून गर निघतो तो पाव किलोच्या आसपासच. पाकिटावरच्या ‘रॉ’चा अर्थ केवळ ‘न खारवलेला, न भाजलेला गर’ एवढाच आहे. टरफलातील तेलाने कातडी भाजते म्हणून बी बहुधा वाफवून किंवा भाजूनच फोडतात, त्यामुळे तो गरही पूर्णपणे कच्चा नसतो. प्रतवारीही लिहा. ‘डब्ल्यू २४०’ म्हणजे पांढरे, अखंड आणि एका पौंडात जास्तीत जास्त २४० बसणारे गर. म्हणजेच आकडा जितका लहान, तितका गर मोठा.

प्रतिसाद २
ब्राझीलमधील तुपी भाषेतला ‘आकाजू’ पोर्तुगीजांनी ‘काजू’ म्हणून उचलला, आणि सोळाव्या शतकात त्यांनी हे झाड भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. मराठी-कोकणीतला ‘काजू’ आणि इंग्रजीतला ‘कॅश्यू’ हे दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आलेले आहेत. पोर्तुगीजमध्ये ‘काजू’ म्हटले की मुख्यतः बोंडू, म्हणजे बीला जोडलेले रसाळ फळ, समजतात, बीसाठी ‘कास्तान्या’ जोडावे लागते. इंग्रजीत नेमके उलट होऊन नुसता ‘कॅश्यू’ गराला मिळाला आणि बोंडू ‘कॅश्यू अ‍ॅपल’ झाला. म्हणूनच ‘कॅश्यू फेणी’ वाचून बाहेरच्या माणसाला ती गरापासून काढतात असे वाटते. ती बोंडूच्या रसाची असते, आणि बाटलीवर तसे स्पष्ट लिहिले जावे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३
वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत काजू ‘नट’ ठरत नाही, परंतु त्या आधारे पाकिटावरची अ‍ॅलर्जीची सूचना गाळू नका. युरोपीय संघाच्या अ‍ॅलर्जीविषयक नियमांत काजू ‘नट्स’च्या यादीत नावानिशी आहे, आणि शेंगदाण्याची नोंद तिथे वेगळी आहे. त्यामुळे घटकांच्या यादीत नुसते ‘नट्स’ न लिहिता ‘कॅश्यू’ हा शब्द ठळकपणे द्या.