१४ तासांचे ८ तास बाबासाहेबांनी एका फटक्यात केले का?

भांडुपकर:
युनियनच्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं बोलायचंय, विषय ‘मजूरमंत्री बाबासाहेब’. व्हॉट्सॲपवर फिरतंय की १९४२ साली त्यांनी १४ तासांचे ८ तास केले. आमचे जुने सेक्रेटरी म्हणतात, थापा आहेत. खरं काय? आणि बॅरिस्टर माणूस मजूर खात्यात गेला कसा?

लेबरकोर्टवाला:
गेली अनेक वर्षं कामगारांच्या बाजूने केसेस लढवतोय, त्यामुळे हा फॉरवर्ड दर एप्रिलमध्ये माझ्याकडे येतोच. थापा म्हणू नका, पण हिशेब चुकलाय. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला ६० तास होते. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ झाले. ५४ चे ४८, म्हणजे सहा दिवस सरासरी रोज आठ, झाले ते १९४६ च्या दुरुस्तीने, १ ऑगस्ट १९४६ पासून, आणि ती दुरुस्ती बाबासाहेबांच्या खात्याची. तुमच्या आठवड्याचे ४८ तास तिथून आले. त्याआधी १९४५ मध्ये वर्षभराच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा आली, तीही त्यांच्याच काळात. एवढं खरं असताना १४ चा आकडा कशाला हवा?

आता वकिली. १९२३ मध्ये मुंबईला सनद काढली तेव्हा अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार सहज येत नव्हते. जोडीला बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचे. नाव झालं १९२६ मध्ये, पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात. खालच्या कोर्टात शिक्षा झालेली, अपिलात त्यांनी सोडवलं. पुढे सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही झाले. पण मजूर खात्याकडे त्यांना कोर्टाने नाही, गिरणी कामगारांच्या परळने नेलं असं मला वाटतं. गिरणीत विणकाम खात्यात, म्हणजे बऱ्या पगाराच्या जागी, अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीचे कामगार त्याचा विटाळ मानत. हे ते १९२८ च्या संपात जाहीरपणे मांडत होते. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपावर बंधनं घालणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत संप केला. आणि १९४२ च्या जुलैत हाच माणूस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, मजूर खातं सांभाळायला!

कोळसा_आणि_राख:
सगळं गोड गोड चाललंय. १९४३ मध्ये बायकांना पुन्हा कोळशाच्या खाणीत उतरवलं, तेव्हा खातं कोणाचं होतं?

लेबरकोर्टवाला:
त्यांचंच. युद्धात कोळसा कमी पडला, खाणकामगार लष्कराच्या जास्त मजुरीच्या कामांवर निघून गेले, म्हणून जमिनीखालच्या कामावरची बंदी उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये असेंब्लीत या निर्णयाचा बचाव त्यांनीच केला. माझ्या मते तो बचाव कमजोर आहे. सरकारी वकिलाला अशिलाची बाजू मांडावी लागते, तसा वाटतो. पण त्याच भाषणात, बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हे त्यांनी ठासून सांगितलं. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडे जाऊन ते स्वतः खाणीत उतरले होते, आणि जानेवारी १९४४ च्या अखेरीस खाणकामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बंदी १९४६ मध्ये परत आली. ही बाजू भाषणातून गाळू नका, भांडुपकर. सेक्रेटरी विचारणारच.

भांडुपकर:
किमान वेतनही त्यांचंच ना? आणि युनियनला मान्यता?

लेबरकोर्टवाला:
बिल त्यांनी ११ एप्रिल १९४६ ला मांडलं, कायदा झाला १९४८ मध्ये, तेव्हा जगजीवनराम मंत्री होते. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचंही तसंच: त्यावरचा आडारकरांचा अहवाल १९४४ चा, कायदा १९४८ चा. मालकाने युनियनला सक्तीने मान्यता द्यावी, हे बिल त्यांनी १९४३ मध्येच आणलं होतं. १९४७ मध्ये ते पास झालं आणि अंमलात कधी आलंच नाही. महाराष्ट्रात मान्यतेसाठी आपण राज्याचा १९७१ चा कायदा वापरत आलो तो त्यामुळे.

मूळ भाषणं महाराष्ट्र शासनाने काढलेल्या, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या खंड १० मध्ये आहेत. जाडजूड आहे, पण दहा मिनिटांसाठी ८ फेब्रुवारी १९४४ चं खाणीवरचं आणि किमान वेतनाचं, एवढी दोन वाचलीत तरी चालेल.