लांबच्या सफरीला उथळ बुडाची शिडाची बोट: शहाणपण की हौस?

खानापूरकर:
काल जांबोटीत चहा पिताना यावरून वाद पेटला. टपरीवाला म्हणाला, "समुद्र बघायला चोर्ला घाट उतरावा लागतो आणि भांडताय बोटींवरून!" असूंदे. माझं मत : महिनोन्‌महिने फिरायचं तर पाण्याखाली कमी जाणारीच बोट घ्यावी. चाळीस फुटी बोटीची पक्की कील, म्हणजे बुडाखालचं न हलणारं वजनदार पातं, साधारण दोन मीटर खाली असते. वर ओढता येणारी फळी असेल तर तेवढीच बोट मीटरभर पाण्यातही चालते. कीलवाला भरतीची वाट बघत बाहेर ताटकळतो, तोवर फळीवाला खाडीत नांगर टाकून जेवायला बसलेला असतो. बहामा बेटांभोवती तर मैलोगणती पाणी दोन-चार मीटरच आहे. आंग्र्यांची गलबतं तरी वेगळं काय करायची? खाडीत शिरायची, इंग्रजांची मोठी जहाजं बाहेरच.

निपाणीचा माजी नौसैनिक:
आंग्र्यांची गलबतं किनारा धरून लढली, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, वादळी केप हॉर्नला गेली नाहीत. म्हादई तुमच्याच तालुक्यात उगम पावते ना? तिच्याच नावाच्या नौदलाच्या बोटीवरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून कुठेही न थांबता. तिची कील खोल, पक्की. बोट कलंडली की खालचं वजन तिला उभं करतं. उथळ बोट वाऱ्याविरुद्ध चढवायला गेलात तर आडवी सरकते, मग दिवसभर तोच दीपस्तंभ बघत बसा.

उद्यमबाग फाउंड्रीवाला:
दोघेही फळीची पेटी विसरलात, म्हणजे वर ओढलेली फळी ज्यात बसते तो बुडातला खण. कारवारला ओळखीच्यांची अशी बोट ओहोटीला वाळूवर टेकवली होती. दुसऱ्या दिवशी फळी खाली येईना. दोघं दोर ढिला करून वरून दाबतायत, तरी ढिम्म. शेवटी एकाने खाली बुडी मारून फटीत पक्कड घातली. निघाला सुपारीएवढा गोटा! आणि वजनाचं म्हणाल तर ते वर आलं की उभं करायची ताकद घटते, म्हणजे जास्त ओतावं लागतं. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता पाण्याच्या ७.२ पट, शिशाची ११.३ पट. उथळ बोटीत बीड घालाल तर जागाच संपेल.

खानापूरकर:
गोटा पक्कड घालून निघाला की! कील खडकावर बसली तर पकडीने निघते काय? शिवाय वाळूवर टेकवलेल्या बोटीचं बूड जागच्या जागी खरवडता येतं, क्रेनचं भाडं वाचतं. आणि साहेब, दोंदे-टॉमी विक्रमाला निघाले होते. मी फिरायला निघालेल्याचं बोलतोय. तो जागोजागी थांबणारच.

चिकोडीची वाचक:
आमच्याकडे कृष्णेवरच्या नावेचं बूड सपाट. मोटारसायकली चढवून काठाला अलगद लागते, पण वारा सुटला की नावाडी पहिली शिवी त्या बुडालाच घालतो. छोटी पक्की कील आणि तिच्यातूनच उतरणारी फळी, असल्याही बोटी असतात ना?

निपाणीचा माजी नौसैनिक:
असतात ताई. खाडीत थोडं कमी शिरता येतं, पण तेवढं मी सोडेन. पेटीचा गोटा मात्र तिथेही अडकतो.