मुलीसाठी पीसी असेंबल करायचाय, जरा कोटेशन बघता का कुणी?

बी-६०२: नमस्कार मंडळी. लेक आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर रेविट (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) कसंबसं चालतं, ल्युमियन (त्या मॉडेलची खरीखुरी वाटणारी चित्रं रेंडर करणारं) उघडलं की सगळं थिजतं. मॉनिटर धरून दोन लाखांचं बजेट आहे. दुकानदाराचं कोटेशन असं: प्रोसेसर इंटेल आय९ १४९००के, रॅम १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी, १ टीबी एसएसडी, ७५० वॉट एसएमपीएस (पॉवर सप्लाय). घेऊ का?

ए-२०४: काका, इंटेल नको. एएमडीचा रायझन ९८००एक्स३डी घ्या, सध्या तोच बेस्ट आहे 🔥

सी-३०४: दादा, थांबा, पैसे भरू नका अजून. सविस्तर लिहिते.

या कोटेशनमध्ये सगळा जोर प्रोसेसरवर आहे आणि कात्री नेमकी चुकीच्या जागी लागलीय. रेविटची बरीचशी कामं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (काम करणाऱ्या भागावर) चालतात, त्यामुळे आय९ च्या २४ कोअरपैकी बहुतेक रिकामे बसतील. शिवाय तो पूर्ण भारावर २५३ वॉटपर्यंत खेचतो, म्हणजे कूलरही महागडा लागणार. ल्युमियनचं सगळं ओझं ग्राफिक्स कार्डावर असतं. झाडं, फर्निचर, टेक्स्चर हे सगळं कार्डाच्या मेमरीत बसावं लागतं. ज्युरीच्या (कॉलेजातल्या प्रोजेक्ट सादरीकरणाच्या) आदल्या रात्री सीन मोठा झाला आणि मेमरी संपली, तर प्रोसेसर कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ जीबीतही. नाव एकच असल्यामुळे फसायला होतं. १६ चंच घ्या.

ए-२०४: पण ताई, एक्स३डी फास्ट आहे ना?

सी-३०४: गेमसाठी आहेच बाळा. त्यातल्या जादा कॅशेचा (प्रोसेसरमधल्या वेगवान मेमरीचा) खरा फायदा गेममध्ये दिसतो. हिच्या कामाला रायझन ७ ९७००एक्स पुरे, ८ कोअर, ६५ वॉटचा. सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) एएम५ च आहे आणि एएमडीने त्याला २०२७ आणि पुढेही सपोर्ट देण्याचं जाहीर केलंय. उद्या प्रोसेसर बदलायचा झाला तर बोर्ड फेकावा लागणार नाही.

बी-६०२: रॅम १६ पुरेल का? भाव फार सांगतोय.

सी-३०४: नाही पुरणार, ३२ हवी. भाव खरंच भडकलेत, २०२५ च्या अखेरीपासून. एआय डेटा सेंटरवाले माल उचलतायत. तरी इथे काटकसर नको. डीडीआर५ (रॅमचा प्रकार), ६००० वेगाची, १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच किटमधल्या. "आत्ता दोन, पुढे आणखी दोन" हा हिशोब डीडीआर५ ला जमत नाही, चार पट्ट्या लावल्या की वेग बराच खाली येतो.

आणि एसएमपीएस. कोटेशनात कंपनी नाही, मॉडेल नाही, नुसतं "७५० वॉट". याला माझा ठाम विरोध आहे. लोक सगळ्यात आधी इथेच पैसे वाचवतात, आणि सगळ्या पार्ट्सना वीज तिथूनच जाते. ८० प्लस गोल्ड (कमी वीज वाया घालवणाऱ्यांना मिळणारा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा, निदान ५ वर्षं वॉरंटीचा घ्या. हे कार्ड १८० वॉटचं आहे, ६५० वॉटचा चांगला एसएमपीएसही पुरतो. पण पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तर ७५० च राहू द्या.

डी-१०१: अर्थिंगही तपासा. आपल्या जुन्या विंगमध्ये काही प्लगना नीट अर्थिंग नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

सी-३०४: काका अगदी बरोबर. आधी इलेक्ट्रिशियन, मग पीसी. आणि घरात राउटरसाठी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस याला लावू नका. तो साधारण ३६० वॉटच देतो, रेंडर चालू असताना वीज गेली तर टिकेलच असं नाही.

बी-६०२: जोडणी घरीच करायची म्हणतेय ती.

सी-३०४: करू दे की! मी येते शनिवारी. एएम५ च्या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डवरच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८. तिथे बोट लागता कामा नये. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला, बोर्डाला नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सपो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० किंवा ५६०० वरच चालत राहते.

बी-६०२: उद्या नवीन कोटेशन घेतो, इथेच टाकतो.

सी-३०४: टाका. प्रत्येक ओळीत पूर्ण मॉडेल नंबर हवा, आणि १८ टक्के जीएसटीसह पक्कं बिल. वॉरंटीला बिल लागतंच.