आजारपणातली वही, रंग, सुई-दोरा : तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची

दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल माळ्यावरच्या पिशव्या खाली काढल्या तर त्यात चौकटीची एक वही निघाली. भाची म्हणाली, "मावशी, रांगोळीची वही! मला दे." रांगोळीचीच आहे. पण ती २०१९ ची, केमोच्या वेळची, आणि तेव्हापासून मी ती उघडलीच नव्हती. काल उघडली आणि तशीच स्टुलावर बसून राहिले.

मला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा मी ४१ वर्षांची होते. आधी ऑपरेशन, मग २१-२१ दिवसांनी ४ वेळा केमोचं ते लाल औषध, मग दर आठवड्याला एक असे केमोचेच आणखी १२ डोस. लाल औषध ज्यांनी घेतलंय त्यांना सांगायला नको. कोकम सरबताचा रंग, नळीतून सावकाश आपल्याच हातात उतरताना दिसतो. मी अजून कोकम सरबत पीत नाही.

त्या खुर्चीत बसून काय करायचं? वाचवत नव्हतं, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची. मोबाइल घेतला की आजाराचंच बघत बसायचे आणि आणखी घाबरायचे. तिसऱ्या वेळी मुलाची गणिताची वही चुकून माझ्या पर्समध्ये आली होती. मागच्या पानावर सहज ठिपके द्यायला लागले. १५ ते ८, मधले ठिपके. आईने शिकवलेली सगळ्यात मोठी रांगोळी, एकूण १६९ ठिपके होतात. त्यांना घाई चालत नाही, एक ओळ सरकली की खालचं सगळं सरकतं. ठिपके देऊन झाले तोवर सिस्टर बाटली बदलायला आल्या होत्या. तेवढ्या वेळात मी एकदाही रिपोर्ट, खर्च, मुलाची दहावी, काही मनात आणलं नव्हतं. इतके महिने माझ्या हाताला सगळे सुया टोचायलाच धरत होते, त्या दिवशी तो माझ्या कामाला आला. मग दर वेळी वही घेऊन जायला लागले.

नंतरच्या १२ मध्ये सहाव्या-सातव्यापासून बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजचे हूक लागेनात. पेन्सिलीला मुलाच्या जुन्या बॅटची ग्रिप गुंडाळली तेव्हा ती धरता आली. दिवाळीत हट्टाने दारात रांगोळी काढायला बसले, तर चिमटीतून रांगोळी पडतेय की चिमूट रिकामी झालीय हे बोटांना कळेचना. डोळ्यांनी बघून चिमूट सैल करायची, बघून घट्ट करायची. रेघ कुठे जाड, कुठे तुटलेली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन माझ्यासाठी पाट घेऊन आल्या.

वहीत एक पान नुसतं ठिपक्यांचं आहे, रेघा नाहीत. रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत ठिपके दिले होते आणि पेशी कमी आल्या म्हणून डोस न देताच घरी पाठवलं. ते पान काल खूप वेळ बघितलं.

तुम्ही, तुमच्या घरातल्या कुणी आजारपणात असं काही केलं असेल तर लिहा ना. मला वाचायचंय.

पानमळा

ताई पाटाचं वाचून डोळे भरले. द्राक्षबागेत मजूर छाटणीनंतरची पेस्ट लावायला आलेत, चहा ठेवलाय, तेवढ्यात लिहिते.

आमवात. ७ वर्षं झाली. सकाळी उठल्यावर तासभर मुठी मिटत नाहीत, नुसता ब्रश धरायचा तर दोन्ही हात लागतात. आधी मी छाटणीला दोन माणसांचं काम करायचे. डॉक्टर म्हणाले बाग आता विसरा. बाग विसरा म्हणजे काय हे निफाडात राहणाऱ्या बाईला विचारा.

सासूच्या जुन्या नऊवारी होत्या, त्यांची गोधडी घातली. आमच्याकडे काठाकडून सुरू करून फिरत फिरत मध्ये येतात. सकाळी नाहीच जमायचं, दुपारी अकरानंतर बोटं सुटली की सुई धरायची. दिवसाला दोन वीत धावदोरा, कधी तेवढाही नाही. आठवड्यातल्या ज्या दिवशी आमवाताची गोळी असते त्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, त्या दिवशी सुट्टी. दीड वर्ष लागलं. टाके बघितले तर कळतं कुठला महिना वाईट गेला, तिथे टाका लांब लांब पडलाय. उसवला नाही मी तो.

चहा उतू गेला वाटतं

दुतोंड्या

गोदाकाठची, नाव वाचून लगेच आलो. मी घाटावरचाच. पंचवटी.

डायलिसिस. आठवड्यातून ३ दिवस, ४-४ तास. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, त्यात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. पहिले वर्ष त्या उजव्या हाताने मी फक्त घड्याळ बघायचो.

शाळेत जलरंग बरे होते. मग नोकरी, संसार, सुटलं. नाशकात ज्याने शिवाजी तुपे सरांची जलरंगातली चित्रं पाहिली आहेत त्याला घाट काढायचा तर धीर लागतो. बायकोने १२ रंगांची पेटी आणली आणि म्हणाली, सरांनी काढलाय म्हणून घाट संपला नाही.

आता गंमत ऐका. मला दिवसाला पाणी पाऊण लिटर. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचं, सगळं धरून. रंगांसाठी फुलपात्र भरून घेतलं आणि पहिल्या दिवशी त्या फुलपात्राकडेच बघत बसलो. इतकं पाणी, आणि ते ब्रश धुवायला! मग कागद ओला केला, निळ्याचा एक थेंब सोडला. तो आपणहून पसरत गेला, काठाशी फिका झाला. तहान गेली नाही, खोटं कशाला सांगू. पण पाण्याकडे मी नुसता तहानेने बघायचो, ते थांबलं. रामकुंड, गांधी तलाव, नारोशंकराची घंटा, दुतोंड्या मारुती, सगळं काढून झालं. दुतोंड्या तर पन्नासेक वेळा असेल.

दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात पाणी साठून वजन वाढतं. आमचा तंत्रज्ञ पोरगा वजनकाट्यावर उभं करून विचारतो, "काका, आज कुठपर्यंत?" मी सांगतो, "कमरेपर्यंत." अडीच किलोच्या वर गेलं की छातीपर्यंत. बाहेरगावच्या मंडळींना कळणार नाही, नाशिककरांना विचारा.

चिवडाप्रेमी

काका 🙏 बाहेरगावच्यांसाठी सांगतो. गोदावरीला पूर आला की नाशकात मीटर कुणी विचारत नाही, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते विचारतात. गुडघा, कंबर, छाती, गळा.

अनुभव माझ्याकडे नाही, वाचतोय.

रेघोट्या

बाबांचं लिहिते. पार्किन्सन्स. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त, अक्षर असं की कॉलनीतली सगळी लग्नपत्रिकांची पाकिटं आमच्याकडे यायची. आजाराचं पहिलं लक्षण हाताची थरथर नव्हतंच, अक्षर होतं. किराण्याची यादी लिहिताना "साखर" मोठं आणि "हिंग" येईपर्यंत मुंगीएवढं. आम्ही चष्म्याचा नंबर तपासून आलो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात अक्षर असं बारीक होत जातं.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी ठळक रेघा आखून त्यांच्यात लिहायला सांगितलं. बाबांना तो अपमान वाटला, पहिलीतल्या पोरासारखं. मग त्यांनीच बोरू काढला, जुना, तिरका छाटलेला. दोन बोटं अंतर ठेवून रेघा आखल्या आणि एकेक अक्षर काढायला लागले. लिहायला नाही, काढायला. अ च्या पोटाला किती वेळ द्यायचा ते त्यांचं ते ठरवतात.

मी एक बघितलंय. हात मांडीवर असतो तेव्हा थरथरतो. बोरू शाईत बुडवला, टोक कागदाला टेकलं की थांबतो. पूर्ण नाही, पण थांबतो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. डॉक्टर म्हणतात त्यात नवल नाही, या आजारातली थरथर हात स्वस्थ असताना जास्त, कामात कमी. असेल. आमच्यासाठी सकाळचा तो पाऊण तास बाबांचा असतो, तेव्हा दारावरची बेलसुद्धा आम्ही बंद ठेवतो.

टिंबटिंब

सगळ्यांचं वाचलं. छान आहे पण माझं वेगळं आहे, लिहू का? लिहितेच.

माझ्या आजारपणात मला ३ जणींनी मंडलाची, म्हणजे गोल नक्षीची, रंगवायची पुस्तकं दिली. "रंगव, पॉझिटिव्ह राहशील." पेन्सिलीचा डबा उघडला की मला रडू यायचं. बरं व्हायची जबाबदारी पण माझीच, आणि वर छान रंगवायचं पण मीच? शेवटी तिन्ही पुस्तकं कपाटात कोंबली. ज्यांना जमत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नका एवढंच सांगायचंय.

मला मटार सोलायला आवडायचं. थंडीचे दिवस होते. आई ५ किलो आणायची, मी गॅलरीत उन्हात बसून सोलायची. काही बोलायचं नाही. एवढंच.

गोदाकाठची

टिंबटिंब, लिहिलंस ते फार बरं केलंस. माझ्याकडेही तसं एक पुस्तक आलं होतं, कोरंच आहे. आणि मटार चालतात इथे. सांगून करायला लावलं असतं तर ते ठिपकेसुद्धा मी दिले नसते.

पानमळा

मटार 👍 आता दर काय आहे पण

चिवडाप्रेमी

विचारू नका ताई. थंडी पडू द्या.

सिस्टर_ओपीडी

रात्रपाळी करून आले, झोप येत नाही म्हणून वाचतेय. केमोच्या डे केअर कक्षात बरीच वर्षं काढली. रिपोर्टच्या पाकिटाच्या मागे काढलेली चित्रं मी खूप बघितली आहेत. मोर, झोपडी, डोंगरामागचा सूर्य. ६० वर्षांचे आजोबासुद्धा डोंगरामागचा सूर्यच काढतात.

कामाचं सांगते. केमोत पेशी कमी असतील तेव्हा माती, कुंड्या, शाडू नको, जंतुसंसर्गाची भीती असते. रांगोळीची धूळही नाकाजवळ नको. कागद-पेन्सिल सगळ्यात सोपं. बोटं बधिर असतील तर सुई, कात्री, गरम भांडं जपून. लागलेलं कळत नाही.

आणि टिंबटिंब म्हणतात ते खरं आहे. ज्यांना दोन-दोन आठवडे काही नकोसंच वाटतंय, झोप नाही, जगणं नको वाटतंय, त्यांना वही देऊन भागत नाही. डॉक्टरांना सांगा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फोनवर मराठीतही बोलतात.

आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं, एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार क्षयाने सॅनेटोरियममध्ये होते, तिथे पडल्या पडल्या चित्रं काढली, मग बाकीच्या रुग्णांनाही काढायला लावली. कला-उपचार हा शब्द त्यांनी १९४२ मध्ये वापरात आणला. आणि अमेरिकेत २०१६ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या लोकांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, रंग, कागद देऊन बसवलं, आधी आणि नंतर लाळ तपासली. सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल उतरलं होतं, म्हणजे ताणाचं संप्रेरक. चित्रकला येणारे आणि न येणारे यांत फरक नव्हता. ती निरोगी माणसं होती आणि संख्या लहान, पण मला आमचे डोंगरामागचे सूर्य आठवले.

मास्तर_सुरगाणा

क्षयाचं नाव निघालं म्हणून लिहितो. २०१६ ला मलाच झाला. ६ महिने गोळ्या. गोदाकाठची ताई, तुमचं औषध लाल, आमच्या गोळीने लघवी केशरी व्हायची, पहिल्या दिवशी घाबरून डॉक्टरांना फोन केला होता 😀 शाळेतून रजा. सुरुवातीचे आठवडे घरात वेगळी खोली, मुलगी दाराबाहेरून बोलायची. ४ वर्षांची होती, मास्क लावला की बाबा ओळखू यायचा नाही तिला.

खोलीच्या भिंतीला गेरू होता. तांदळाचं पीठ भिजवून बांबूची काडी चावून वारली काढायला लागलो. मी वारली समाजातला नाही, पण आमच्या शाळेतल्या पोरांनी शिकवलेलं. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस. लग्नात भिंतीवर काढतात तो चौक मात्र काढला नाही, तो पूर्वापार बायकांनी काढायचा. मी तारपा, ते फुंकून वाजवायचं वाद्य, काढला, आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं एकमेकांचा हात धरून. रोज ५-६ माणसं वाढवायची. मुलगी उंबऱ्यातून मोजायची, आज किती आली.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे लहानपणी आई गेल्यावर बोलायचेच बंद झाले होते, धुळीत बोटाने चित्रं काढून सांगायचे. पुढे २०११ ला पद्मश्री. हे पोरांना मी दर वर्षी सांगायचो. खोलीत बसल्यावर त्याचा अर्थ लागला.

भिंत अजून आहे. घरमालक रंग देऊ म्हणतात, मी नको म्हणतो.

रेघोट्या

मास्तर, मुलगी आता मोठी झाली असेल?

मास्तर_सुरगाणा

हो. आता तीच काढते, माझ्यापेक्षा छान. माणसांना हल्ली मोबाइल देते हातात.

चिवडाप्रेमी

🤣 तारप्याच्या नाचात मोबाइल

बाय द वे रेघोट्या, बोरू आता कुठे मिळतो? आजोबांसाठी हवाय.

रेघोट्या

तयार घेऊ नका, नीट छाटलेला नसतो. बाबांना विचारलं, म्हणाले नदीकाठचं बरू आण, मी छाटून देतो. आजोबा डावखुरे आहेत का ते विचारतायत, तिरका काप उलटा द्यावा लागतो.

चिवडाप्रेमी

डावखुरेच! कसं ओळखलं काकांनी

रेघोट्या

ओळखलं नाही, ते सगळ्यांनाच विचारतात.

पानमळा

आत्ता आले परत. सिस्टर, तुम्ही झोपा आता.

कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर एक सांगते, मुलीच्या पुस्तकात होतं. मातीस नावाचे फ्रेंच चित्रकार, १९४१ ला आतड्याच्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन झालं, उभं राहवेना. मग रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं करायचे, पलंगावर बसून. लांब काठीला कोळसा बांधून भिंतीवर काढायचे. माझ्या आत्याचं मागच्या महिन्यात खुब्याचं हाड मोडलं, तिला पतंगाचे कागद आणि कात्री दिलीय. अजून तरी ती त्या कात्रीने फक्त गोळ्यांची पाकिटं कापते. बघू.

टिंबटिंब

गोदाकाठची, ते रेघा नसलेलं पान, ते पुरं करणार का आता?

गोदाकाठची

भाचीनेही तेच विचारलं, मी जोडू का म्हणाली. मी नको म्हटलं. का ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या दिवशी ऑटोत घरी येताना मी खूप घाबरले होते, डोस चुकला म्हणजे संपलं असं वाटलं होतं. ते पान तसंच राहू दे. तिला पुढच्या कोऱ्या पानावर १५ ते ८ शिकवली. तिसऱ्या ओळीत चुकली, खोडून परत. बोटं माझी अजूनही थोडी बधिरच आहेत, थंडीत जास्त. पण रांगोळी पडतेय की नाही एवढं आता कळतं.

दुतोंड्या

वसुबारसेला दारातली टाका इथे फोटो. गाय-वासरू काढणार असाल तर सांगा, मी चित्र काढून पाठवतो, त्यावर ठिपके बसवा.

उद्या सकाळी सहाची पाळी आहे. आज आमटी जरा जास्त झालीय, काट्यावर कंबर नक्की.

चिवडाप्रेमी

काका, कमरेच्या वर जाऊ देऊ नका. दिवाळीचा चिवडा पण जपून, मीठ असतं.

दुतोंड्या

बायको शेजारी बसून हेच वाचतेय. डबा वरच्या फळीवर गेला.