एकत्र बसून लिहिणारे गट : तुमच्याकडे काय चालतं, कुठे फसतं?

कविसंमेलन नव्हे, वाचक कट्टाही नव्हे. पाच-आठ माणसं एका खोलीत जमून गप्प बसून लिहितात, अशा गटांबद्दल हा धागा आहे. वेळ कशी वाटता, विषय कसा देता, काय बिघडतं आणि का, ते लिहा. स्वतःच्या लेखनप्रवासाचं पुराण नको, उपयोगाचं सांगा.

नाशिक, वाचनालयातला गट

दोन तास हातात असले तरी हिशोब आधी मांडा. स्थिरस्थावर व्हायला 10 मिनिटं, लेखन 25, पाय मोकळे करायला 5, पुन्हा लेखन 25. झाली 65. आठ जणांनी तीन-तीन मिनिटं वाचायचं आणि प्रत्येकावर दोन मिनिटं बोलायचं, म्हणजे आणखी 40. उरलेली 15 मिनिटं उशिरा येणारे खातातच. माणसं दहा झाली की वाचन उरकावं लागतं आणि शेवटच्या दोघांचं कुणी ऐकत नाही. दहा असतील तर अर्ध्यांनी या वेळी वाचावं, अर्ध्यांनी पुढच्या वेळी.

तीन मिनिटांत साधारण 350 शब्द होतात, म्हणजे हाताने लिहिलेली दोन फुलस्केप पानं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस सात पानं घेऊन उभा राहतो. वेळ मोबाइलच्या घंटेने पाळा. गटातल्या तरुण मुलीला "काका, झाली तीन मिनिटं" म्हणायला लावू नका, ती म्हणणार नाही आणि काका थांबणार नाहीत. घंटेवर कुणी रुसत नाही.

डोंबिवली

विषय देण्यातच निम्मा खेळ आहे. 'पाऊस', 'आई', 'आठवणी' हे विषय दिले की आठही जण एकच लेख लिहितात. विषय अरुंद हवा आणि त्यात एखादी वस्तू किंवा हालचाल हवी. 'कुलूप लावलं की नाही ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरलेला माणूस' यावर आठ वेगळे मजकूर येतात. दुसरा चालणारा प्रकार बंधनाचा: फक्त संवाद, दोनच माणसं, आणि ज्यावरून भांडण आहे त्या गोष्टीचं नाव कुणी घ्यायचं नाही.

विषय आठवडाभर आधी कळवू नका. लोक घरून लिहून आणतात आणि इथे नुसतं सुवाच्य करत बसतात. चिठ्ठीवर लिहून बसल्यावर उघडा. स्वतःची कादंबरी पुढे नेणाऱ्यांना मात्र विषयातून सूट द्या.

सांगली

"छान झालंय" या शब्दावर बंदी घाला. ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: कुठलं वाक्य डोक्यात राहिलं, आणि लक्ष कुठे सुटलं. लिहिणाऱ्याने तोवर गप्प बसायचं. "घाईत लिहिलंय हं" ही प्रस्तावनाही नको, त्याने ऐकणारे आधीच सैलावतात.

याचा उपयोग कसा होतो ते बघा. 'आजीच्या जाण्याने मन सुन्न झालं' हे वाक्य कुणालाच आठवत नाही. त्याच मजकुरात चार ओळी खाली 'चष्म्याच्या घरात घडी घातलेली दहाची नोट तशीच होती' असं असेल, तर सहा जण तेच सांगतात. मग वरचं वाक्य खोडायला वेगळी टीका लागत नाही.

आणि भाषेचं. पहिल्या खर्ड्यात कुणाचे न-ण काढू नका. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीत लिहिणाऱ्याला "प्रमाण भाषेत आण की" म्हटलं की तो एक तर पुढच्या खेपेला येत नाही, किंवा पाठ्यपुस्तकासारखं लिहून आणतो. दुसरं जास्त वाईट. शुद्धलेखन शेवटच्या हातासाठी राखून ठेवा.

नागपूर

चहा मध्ये नको. पाच मिनिटांच्या सुट्टीची वीस होतात आणि दुसरी 25 मिनिटं कुणी खाली मान घालत नाही. थर्मास सुरुवातीला किंवा वाचनाच्या वेळी. वाचनालयाची खोली घेणार असाल तर 15 ऑक्टोबर (वाचन प्रेरणा दिन) आणि 27 फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन) यांच्या आसपास ती त्यांच्या कार्यक्रमांना लागते, आधीच विचारून ठेवा.

न्यू जर्सी

भारतातल्यांबरोबर ऑनलाइन बसत असाल तर वेळ भारतीय घड्याळाला बांधा, कारण तेच हलत नाही. भारतात रात्री 9.30 म्हणजे इथे हिवाळ्यात सकाळचे 11, उन्हाळ्यात दुपारचे 12. गोंधळ होतो मार्चमध्ये: अमेरिकेचं घड्याळ दुसऱ्या रविवारी पुढे सरकतं, लंडनचं शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे कुणीतरी तासभर चुकतंच, म्हणून त्या दिवसांत आदल्या दिवशी निरोप टाका. लिहिताना सगळ्यांचे माइक बंद. कॅमेरा चालू असला तर माणूस लिहायचा टिकतो, बंद असला की स्वयंपाकघरात जातो.

पुणे, टाइप करणारे

एका खोलीत बोलून टाइप करणं जमत नाही, एकाचा आवाज दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याला पाठवलं की नुसती चिन्हं दिसतात, म्हणून गटाने पहिल्या दिवसापासून युनिकोडच धरावं. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होत असेल तर इन्स्क्रिप्ट कळफलकावर साधा र नको: शिफ्ट धरून J ही कळ दाबा, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य.

कोल्हापूर

वर्षाचा अंक काढणाऱ्यांसाठी. ए-फोर कागद मधे दुमडला की एका कागदाची चार पानं होतात, त्यामुळे एकूण पानं चारच्या पटीत बसवा. नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात आणि ती भरायला कुणाची तरी चारोळी घुसडावी लागते. दुमडीच्या बाजूला पाऊण इंच तरी समास सोडा, फोटोकॉपीत आणि शिवणीत अक्षरं जातात. बारा-पंधरा कागदांच्या वर मधली पिन नीट बसत नाही, अंक फुगतो आणि आतली पानं बाहेर डोकावतात. तेवढं साहित्य असेल तर दोन अंक करा किंवा सरळ बाइंडरकडे द्या.

कुणाला दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर गणेशोत्सवात जागं होऊन उपयोग नाही. बहुतेक संपादकांना मजकूर पावसाळ्यातच हातात लागतो. म्हणजे खर्डा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गटात वाचन एप्रिलमध्ये, आणि मे महिना दुरुस्तीला. मेमध्ये निम्मा गट गावी असतो, हे धरूनच आखा.