मदत हवी आहे: बालविकास केंद्रातली ऑक्युपेशनल थेरपीची नोकरी आपल्याला मानवेल का, हे कसे ओळखावे?

नमस्कार. माझा व्यवसायोपचाराचा (ऑक्युपेशनल थेरपीचा) साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम इंटर्नशिपसह पूर्ण झाला असून राज्य परिषदेची नोंदणीही झाली आहे. आतापर्यंत माझा ओढा प्रौढ रुग्णांकडे राहिला: पक्षाघातानंतर एका हाताने सदऱ्याची बटणे लावायला शिकवणे, किंवा यंत्रात हात सापडलेल्या कामगारासाठी थर्मोप्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून त्याच्या मनगटावरच स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) घडवणे, यात मी रमते. आता एका रुग्णालयाने आणि पुण्यातील एका खाजगी बालविकास केंद्राने, अशी दोघांनीही विचारणा केली आहे. केंद्राचा पगार बराच अधिक आहे.

केंद्र पाहायला गेले, तेव्हा एक स्वमग्न मुलगा झोपाळ्यावर बसला होता, थेरपिस्ट एका हाताने झोका देत दुसऱ्या हाताने मोबाइलवर मागच्या सेशनच्या नोंदी भरत होत्या आणि आई काचेच्या दाराबाहेर बसली होती. त्यांना दोष द्यावा असे वाटत नाही, कारण ४५ मिनिटांची सेशन्स एकाला एक लागून असल्याने नोंदींना वेळ उरतच नाही. शिवाय दोन वर्षांचा बॉण्ड आहे आणि मूळ प्रमाणपत्रे जमा करावी लागतील, असे सांगण्यात आले. लहान मुलांचे काम मला जमणार नाही, की या केंद्राची पद्धतच मला पटलेली नाही, हे वेगळे कसे करावे?

प्रतिसाद:
आपण दोन प्रश्न वेगळे केलेत, हे बरे झाले. पद्धतीपुरते बोलायचे तर नाव झाकून एखाद्या मुलाचे उद्दिष्टपत्रक दाखवा, असे केंद्राला सांगा. झोपाळा हे साधन आहे, उद्दिष्ट नव्हे. पत्रकात ‘चमच्याने स्वतः जेवणे’ किंवा ‘वर्गात बसून लिहिणे’ असे काही नसेल आणि केवळ स्पर्श, तोल अशा संवेदनांचीच भाषा असेल, तर सावध व्हावे. आई बाहेर बसणे मला बॉण्डइतकेच खटकते, कारण घरी सराव तिनेच करून घ्यायचा असतो. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवू नयेत. पडताळणीला दाखवावीत आणि परत घ्यावीत.

कल ओळखण्यासाठी सकाळपासून केंद्र बंद होईपर्यंत एक पूर्ण दिवस तिथे बसण्याची परवानगी मागा. हाताच्या दुखापतीत सांधा किती अंशांनी वाकू लागला हे मोजता येते. मुलांच्या बाबतीत तोच डबा उघडण्याचा सराव महिनोन्महिने चालतो आणि मध्येच मूल आठवडाभर आजारी पडले की बरेचसे पुन्हा सुरू करावे लागते. हे पाहताना कंटाळा येतो की कुतूहल वाटते, ते स्वतःशी प्रामाणिकपणे पाहा. तिथे शंका विचारायला कोणी अनुभवी थेरपिस्ट आहे का, आणि रुग्णालयाला उत्तर कधीपर्यंत द्यायचे आहे, हेही कृपया लिहावे.